सिनेमाचं संगीत दणदणीत, संवाद मात्र गायब: गाडीतल्या सराउंड साउंडचा दोष शोधायचा कसा

आधी लक्षणं. सगळ्यांची तक्रार "सराउंड नीट वाजत नाही" एवढीच असते, पण तिच्या पोटात निदान सात वेगवेगळ्या गोष्टी असतात. तुमची कुठली ते आधी ठरवा.

१. चित्र दिसतं, आवाज अजिबात नाही. कधी पडद्यावर "हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही" अशी ओळ येते, कधी तीही नाही.
२. पार्श्वसंगीत, पाऊस, मारामारी सगळं जोरात, पण माणसांचं बोलणं नाही किंवा पुटपुटल्यासारखं.
३. गाण्याऐवजी सगळ्या स्पीकरमधून एकसारखी जोरदार खरखर.
४. आवाज पोकळ, बास नाही, गायक नेमका कुठून गातोय ते कळत नाही.
५. मागून घुमतं, एक शब्द दोनदा ऐकू येतो.
६. एकाच यादीतली काही गाणी बारीक, काही एकदम मोठी.
७. पावसाळ्यात एखादी बाजू जाते, गाडी चार दिवस उन्हात राहिली की परत येते.

साध्या चार स्पीकरच्या गाडीत १, २, ३ आणि ६ यांचा स्पीकरशी काडीचाही संबंध नसतो. तरीही दुकानात गेल्यावर पहिला बळी स्पीकरचा किंवा अँपचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) जातो, नवीन माल बसतो आणि गणपतीला गावी निघेपर्यंत तक्रार होती तिथेच असते. आवाज फाइलमधून निघतो, प्लेअर उलगडतो, वायर किंवा ब्लूटूथ वाहून नेतं, डेक (डॅशबोर्डमधलं संगीताचं यंत्र) चॅनलांत, म्हणजे डावा, उजवा अशा वेगळ्या प्रवाहांत, वाटतो आणि मग स्पीकर वाजतो. या वाटेवर सगळ्यात अरुंद जागा कुठे आहे तेवढं शोधायचं. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आधी, पाना-पकडीच्या नंतर.

पहिली तपासणी: एक साधं स्टीरिओ गाणं

छोट्या, ३२ जीबीपर्यंतच्या पेन ड्राइव्हवर एकच चांगलं, नीट रेकॉर्ड झालेलं स्टीरिओ गाणं टाका. एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसचं, नाहीतर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. डेकमधलं सराउंड, बास बूस्ट, इक्वलायझर सगळं बंद, बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढचं-मागचं) शून्यावर. इंजिन बंद ठेवा, काचा वर करा आणि ऐका.

गाणं स्वच्छ वाजलं, गळा डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहिला, तर वायरिंग, स्पीकर, अँप ठीक आहेत. दोष फॉरमॅटचा किंवा सेटिंगचा आहे, डोअर पॅड उघडायची गरज नाही. हेच गाणं पोकळ, एकांगी किंवा फाटकं वाजलं तर फॉरमॅटच्या भानगडीत पडू नका, थेट स्पीकरच्या प्लस-मायनसच्या तपासणीवर जा. या एका गाण्यावर अर्धं काम होतं, म्हणून तो पेन ड्राइव्ह डॅशबोर्डच्या खणात कायम ठेवा.

गाणं निवडताना एक पाहा: जुनी भावगीतं, पूर्वीच्या आरत्या, मोबाइलवर टिपलेली डबलबारी भजनं बहुतेक मोनो असतात. त्यांत डावं-उजवं वेगळं नसतंच, तेव्हा त्यांच्यावरून स्टीरिओचा निकाल लावता येत नाही. पुढे दुसऱ्या कामाला मात्र ती फार उपयोगी पडतात.

दुसरी: एकावर एक चढलेले इफेक्ट

लक्षण ५ चं कारण निम्म्याहून अधिक वेळा हेच. फोनमध्ये डॉल्बीचा इफेक्ट चालू, गाण्याच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर चालू, डेकच्या डीएसपीत (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागात) "सराउंड" चालू आणि वर कंपनीच्या अँपचं स्वतःचं ३डी. प्रत्येकजण आवाज पसरवायला थोडा विलंब आणि थोडा उलटा फेज (उलट दिशेची लहर) मिसळतो. चौघांनी मिसळल्यावर घुमणारच. एकच ठेवा, तोही शेवटच्या कडीतला: गाडीच्या अँपमध्ये सराउंड असेल तर तो, नाहीतर डेकचा. फोनमधलं सगळं बंद.

अँड्रॉइड डेकमध्ये टाइम अलाइनमेंट किंवा डिले नावाचं पान असतं, तेही उघडून बघा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ड्रायव्हरच्या कानापासून सगळ्यात लांबचा स्पीकर आणि सगळ्यात जवळचा स्पीकर यांच्या अंतरात हॅचबॅक गाडीत मीटर-दीड मीटरचा फरक, म्हणजे ३ ते ४ मिलिसेकंद पुरे. तिथे कोणी १० किंवा १५ टाकून ठेवलं असेल तर मागचा आवाज पुढच्याच्या मागे रेंगाळतो. सगळे आकडे शून्य करून पुन्हा ऐका.

तिसरी: आवाज कुठल्या रस्त्याने येतोय

ब्लूटूथवरून गाडीत येणारा संगीताचा आवाज दोनच चॅनलचा असतो. कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) एसबीसी असो, एएसी असो वा एलडॅक, गुणवत्ता बदलते, चॅनलांची संख्या नाही. फोनवर अ‍ॅटमॉसचा, म्हणजे डॉल्बीच्या चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या सराउंडचा, बिल्ला दिसत असला तरी गाडीत पोचतं ते दोन चॅनलांत दाबलेलं मिश्रण. अँड्रॉइड ऑटोचंही बहुतेक गाड्यांत तेच.

यातूनच लक्षण ६ निघतं. अ‍ॅटमॉसमधलं संगीत उणे १८ लुफ्स (आवाजाचा सरासरी जोर मोजायचं एकक) या पातळीच्या वर न्यायचं नाही असा डॉल्बीचा दंडक आहे. आजकालच्या सिनेगीतांचे स्टीरिओ मास्टर त्याहून बरेच मोठे असतात. एका यादीत दोन्ही आली की अ‍ॅटमॉसवालं गाणं बारीक वाटणार. आयफोनवर सेटिंग्जमध्ये संगीताच्या पानावर डॉल्बी अ‍ॅटमॉसचा पर्याय आहे. साध्या गाडीसाठी तो बंद ठेवा. "नेहमी चालू" हा पर्याय तर चार स्पीकरच्या गाडीत मुद्दाम त्रास करून घेण्यासारखा.

खरोखर अ‍ॅटमॉस असलेल्या गाड्या आता आपल्याकडेही आहेत. महिंद्राच्या २०२४ अखेरीस आलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये १६ स्पीकरची हर्मन कार्डन यंत्रणा अ‍ॅटमॉससह मिळते. अशा गाडीतही गाणं गाडीच्या स्वतःच्या पडद्यावरच्या अ‍ॅपमधून लावा. फोन ब्लूटूथला जोडून लावलंत तर सोळा स्पीकरना दोनच चॅनल मिळतात. आणि घाटात रेंज गेली की अ‍ॅप गुपचूप हलक्या दर्जावर, कधी साध्या स्टीरिओवर उतरतं. कशेडी, आंबा, आंबोली या पट्ट्यात आवाज अचानक आखडला तर तो बिघाड नाही. निघायच्या आधी गाणी उतरवून घ्या. एफएमचंही तसंच: सिग्नल कमजोर झाला की रेडिओ आपणहून स्टीरिओ सोडून मोनोकडे झुकतो, म्हणजे खरखर कमी होते.

चौथी: फाइलच्या आत काय आहे

इथे जरा वेळ द्या. सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडलेल्या असतात.

एमकेव्ही किंवा एमपी४ हा नुसता डबा. वरून डबा सारखाच, आत कधी आमटी तर कधी सोलकढी. "कालचा एमकेव्ही चालला, आजचा का नाही" याचं उत्तर डब्याच्या नावात सापडत नाही. फोनवर किंवा संगणकावर मीडियाइन्फो हे अ‍ॅप घ्या, फाइल उघडा आणि ऑडिओच्या भागात तीन गोष्टी वाचा: फॉरमॅट, चॅनल, बिटरेट.

एएसी किंवा एमपी३, २ चॅनल: कुठलाही डेक वाजवतो. नाही वाजवला तर डेकच तपासायला हवा.

एसी-३, म्हणजेच डॉल्बी डिजिटल, ६ चॅनल, ३८४ ते ६४० केबीपीएस: जुन्या डीव्हीडी डेकला हे येतं, कारण डीव्हीडीवर हेच असतं (तिथे कमाल ४४८). स्वस्त अँड्रॉइड डेकला येईलच असं नाही.

ई-एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटल प्लस: स्ट्रीमिंगचा अ‍ॅटमॉस बहुतेक याच रूपात येतो. नाव एसी-३ सारखं असलं तरी एसी-३ चा डीकोडर (उलगडणारा भाग) हे उलगडू शकत नाही. लक्षण १ चा सगळ्यात मोठा गुन्हेगार हाच.

डीटीएस: चित्र चालू, आवाज शून्य. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, स्वस्त डेकमध्ये तो नसतो.

ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी: ब्लू-रेवरून आलेले प्रचंड ट्रॅक. गाडीत त्यांच्या नादी लागू नका.

सहा चॅनलची एएसी किंवा फ्लॅक: ही सगळ्यात फसवी. आवाज येतो, म्हणून कोणाला संशय येत नाही, पण संवाद नसतात. ५.१ मध्ये, म्हणजे पाच मुख्य चॅनल आणि एक बासचा अशा मांडणीत, बोलणं जवळजवळ सगळं मधल्या चॅनलमध्ये असतं. नीट बनवलेला डेक तो मधला चॅनल ३ डेसिबल खाली आणून डाव्या-उजव्यात मिसळतो. घाईत बनवलेला डेक पहिले दोन चॅनल उचलतो आणि बाकीचे चार टाकून देतो. मग ढोल-ताशे राहतात आणि नायक-नायिका जातात.

यातलं तुमचं कुठलं ते ओळखायला ५.१ ची चॅनल तपासणारी फाइल लावा. त्यात एक आवाज "फ्रंट लेफ्ट", "सेंटर", "फ्रंट राइट" असं एकेक चॅनल बोलून दाखवतो. चार स्पीकरच्या गाडीतसुद्धा पाचही नावं ऐकू यायला हवीत. "सेंटर" गायब तर डेक मधला चॅनल फेकतोय. सहावा, म्हणजे बासचा वेगळा चॅनल, ऐकू आला नाही तर काळजी नको. दोन चॅनलांत मिसळताना तो बहुधा सोडूनच देतात. मात्र चाचणीची फाइल तुमच्या सिनेमाच्याच फॉरमॅटची हवी. एएसीची चाचणी पास झाली म्हणून डीटीएस वाजेल असं नाही.

पाचही नावं आली, तरी सिनेमातले संवाद बारीक? मग ते फेकले गेलेले नाहीत, दबलेले आहेत. सिनेमाचा आवाज शांत थिएटरसाठी मिसळलेला असतो: कुजबुज अगदी बारीक, स्फोट प्रचंड. महामार्गावर टायर आणि वाऱ्याच्या आवाजात ती कुजबुज बुडते, आवाज वाढवला की पुढच्या प्रसंगात कान बधिर. डेकच्या किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक रेंज, डीआरसी किंवा नाइट मोड असं काही असेल तर ते चालू करा. रात्रीसाठी बनवलेली ही सोय गाडीत दिवसाढवळ्या लागते.

उपाय दोन. पहिला फुकट: अँड्रॉइड डेकवर व्हीएलसी हा प्लेअर टाका. त्याचे डीकोडर त्याच्या पोटातच असतात, त्यामुळे डेकमध्ये परवाना नसला तरी एसी-३, ई-एसी-३, डीटीएस उलगडतात. अनेक प्लेअर अ‍ॅपमधून हे डीकोडर परवान्यापायी काढलेले असतात. व्हीएलसीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल पासथ्रू (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) बंद आहे ना ते पाहा.

दुसरा उपाय डीव्हीडीच्या काळातल्या, अ‍ॅप न घेणाऱ्या डेकसाठी: फाइल आधीच स्टीरिओ करून आणा. संगणकावर एव्हिडेमक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, व्हिडिओला "कॉपी", ऑडिओला एएसी, ऑडिओ फिल्टरमध्ये रीमिक्स चालू करून स्टीरिओ, बिटरेट १९२, डबा एमपी४. चित्राला हात लागत नसल्यामुळे अख्खा सिनेमा काही मिनिटांत होतो. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर वापरलात तर चित्रही नव्याने बनतं, वेळ बराच लागतो, पण मूळ ट्रॅक एसी-३ असेल तर तिथे डीआरसीची सोय आहे, १.५ ते २.५ च्या दरम्यान ठेवलं की संवाद वर येतात. जागाही वाचते. दोन तासांच्या सिनेमाला ६४० केबीपीएसचा आवाज सुमारे ५७६ एमबी खातो, १९२ चा सुमारे १७३.

हे सगळं मागच्या सीटवरच्या पोरांसाठी किंवा उभ्या गाडीत. ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर चालत्या गाडीत सिनेमा नको. गाडीच्या हँडब्रेकची वायर अर्थला (गाडीच्या पत्र्याला) जोडून चालत्या गाडीत व्हिडिओ अडवणारा लॉक उडवून द्या असं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

पाचवी: पेन ड्राइव्ह

ड्राइव्ह फॉरमॅट करायच्या फॅट-३२ या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. मोठा सिनेमा बसेना म्हणून ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करतात आणि जुना डेक ती ओळखतच नाही. फॅट-३२, एकच पार्टिशन, तेही एमबीआर पद्धतीचं, आणि फाइल ४ जीबीच्या आत. दुसरं काही करायचं नाही.

सहावी: खरखरीचा दोष

लक्षण ३ दिसलं की आधी आवाज एकदम खाली आणा. ही खरखर पूर्ण ताकदीची असते, ट्वीटर (बारीक, उंच स्वरांचे छोटे स्पीकर) जाऊ शकतात. कारण असं: डीटीएसच्या सीडीवर किंवा डीटीएस भरलेल्या वेव्ह फाइलमध्ये दाबलेला डेटा साध्या आवाजाच्या वेषात असतो. न उलगडता तो स्पीकरला गेला की खरखर. डेकमधून बाहेरच्या डीएसपीला ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्शियल वायर गेली असेल तरी हेच होतं. ही वायर दोन चॅनलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) नेते, नाहीतर दाबलेला ५.१, सहा चॅनलचा उघडा पीसीएम तिच्यातून जात नाही. डीएसपीला डॉल्बी येत नसेल तर डेकचं डिजिटल आउटपुट "रॉ" किंवा "बिटस्ट्रीम" वरून "पीसीएम" वर आणा. तेवढंच. डीएसपी घेताना ऑप्टिकल इनपुट आहे म्हणजे डॉल्बी आहे असं धरून चालू नका. बहुतेकांना फक्त पीसीएम कळतो.

सातवी: प्लस-मायनस आणि मधला स्पीकर

इथून पुढे हात लावायचं काम. लक्षण ४ असेल तर एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी आहे. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा ती मागे ओढतो, आणि बास एकमेकांत विरतो. ओळखायला काही उघडावं लागत नाही. फेडर पूर्ण पुढे घ्या, मोनो आवाज लावा (बातम्या किंवा वर सांगितलेलं जुनं भजन), मग बॅलन्स मधून एकदम एका बाजूला न्या. एक स्पीकर गप्प झाल्यावर बास कमी व्हायला हवा. वाढला, तर पुढच्या जोडीत एकाची वायर उलटी. तसंच मागे.

कुठली उलटी ते बघायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. आधी स्पीकरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. डेकला किंवा अँपला जोडलेल्या वायरीला सेल लावायचा नाही. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, क्षणभर टेकवा. स्पीकरचा कागद बाहेर उसळला तर खूण बरोबर, आत गेला तर उलटी. ट्वीटरला मालिकेत कपॅसिटर असतो, तिथे ही युक्ती चालत नाही. बाजारातल्या डेकच्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ म्हणजे मायनस. कंपनीच्या वायरींचे रंग मात्र प्रत्येक गाडीचे वेगळे, तिथे अंदाज नको.

डॅशबोर्डवर मधला स्पीकर असलेल्या गाडीत आणखी एक खूण. स्टीरिओतून सराउंड काढणाऱ्या यंत्रणा, म्हणजे प्रो लॉजिक, लॉजिक ७ वगैरे, दोन्ही चॅनलांत सारखं असलेलं मध्ये पाठवतात आणि उलट्या फेजमध्ये असलेलं मागे. मोनो भजन लावल्यावर सगळं जवळपास मुकं झालं आणि सराउंड बंद करताच बुवांचा आवाज परत आला, तर मधला स्पीकर किंवा त्याची वायर गेली आहे. उलट, बुवा मागच्या सीटवर जाऊन बसले तर बाहेरच्या डीएसपीच्या इनपुटला एका चॅनलची प्लस-मायनस उलटी जोडलेली आहे. स्पीकरकडे बघूही नका, इनपुट बघा.

आठवी: खारी हवा आणि पावसाचं पाणी

लक्षण ७ घाटावर क्वचित, आपल्याकडे कोकणात नेहमीचं. मालवण, देवगड, गुहागरला समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कपलरच्या पिना, आरसीएची (डेककडून अँपला जाणाऱ्या वायरीची) टोकं, अँपचा अर्थ यांच्यावर हिरवट किंवा पांढरा थर येतो. थर म्हणजे वाढलेला रोध. कधी पूर्ण तुटतं, कधी नुसतं बारीक होतं, आणि एका चॅनलची पातळी ढळली की सराउंडचा तोल गेलाच.

दार आधी. काचेवरून उतरणारं पाणी दाराच्या आत जाणं यात दोष काहीच नाही. ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. भोकं लाल माती आणि पानांनी बुजली की पाणी साचतं आणि स्पीकर भिजतो. दाराच्या खालच्या कडेची भोकं माडाच्या हिराने मोकळी करा. लोखंडी तार घालू नका, रंग खरवडला की गंज सुरू. डोअर पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. आधी कोणी स्पीकर बदलताना तो फाडून टाकला असेल तर पाणी थेट स्पीकरवर आणि पॅडवर येतं. ब्युटाइल पट्टीने नवा पडदा चिकटवा, सेलोटेप एका पावसात सुटते.

मग दार आणि खांबाच्या मधली रबरी नळी. गाणं लावून दार सावकाश उघडा-मिटा. आवाज तुटत-जुळत असेल तर नळीतली वायर आतून तुटलेली आहे.

मल्टिमीटर असेल तर डेकचा कपलर काढून प्रत्येक जोडी मोजा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो. काहीच नाही दाखवलं तर वायर किंवा कॉइल तुटली; शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट. शिवाय दोन्हीपैकी कुठलीही वायर आणि गाडीचा पत्रा यांच्यात जोड दिसता कामा नये. आजच्या डेकमध्ये स्पीकरचा मायनस म्हणजे अर्थ नव्हे. तो पत्र्याला टेकला की डेकचा आउटपुट गप्प बसतो किंवा कायमचा जातो. कंपनीचा वेगळा अँप असेल तर ही मोजणी अँपच्या कपलरवर करा, डेककडून ती स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

साफ करायला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, मागे राहिलेल्या तेलावर धूळ बसते. पीळ घालून टेप गुंडाळलेले जोड दिसतील तेवढे कापा, सोल्डर करून हीट श्रिंक नळी चढवा; आपल्या उकाड्यात टेपचा गोंद पाझरतो आणि जोड उघडा पडतो. नवीन वायर टाकायची तर निव्वळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत कापलेल्या टोकापासून भुगा व्हायला लागते.

नववी: अँप आणि अर्थ

बासच्या ठोक्याला आवाज तुटतो, किंवा अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शीळ येते, तर इथे या. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत, बंद गाडी काही तास उभी असताना सुमारे १२.६. मग मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी टोकणी बॅटरीच्या मायनसला आणि लाल अँपच्या अर्थच्या स्क्रूला लावा, गाणं जोरात. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. पत्र्यावरचा रंग काचपेपरने खरवडून चकाकता धातू काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मगच वरून ग्रीस. सीटबेल्टचा बोल्ट अर्थला वापरायचा नाही. अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. शीळ उरलीच तर आरसीए आणि पॉवरची वायर एकाच बाजूने गेली आहे का बघा. त्या दोन बाजूंनी न्या.

डब्यावर "४×५० वॉट" लिहिलेलं आहे म्हणून अँपशिवाय चालेल असं धरू नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमला डेकचा स्वतःचा आउटपुट गणितानेच २६ वॉटच्या पुढे स्वच्छ जाऊ शकत नाही, प्रत्यक्षात १५ ते २०. संवाद ऐकू यावेत म्हणून त्याला शेवटपर्यंत पिळलं की तो फाटतो, आणि फाटलेला आवाज ट्वीटर जाळतो.

कुठे थांबायचं

पिवळा कपलर दिसला की हात मागे. तो एअरबॅगचा. सीटखालच्या अँपजवळ आणि ट्वीटर असलेल्या पुढच्या खांबाच्या आवरणामागे एअरबॅग किंवा तिची वायर असू शकते. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी जाड केबल म्हणजे उच्च दाब. तिच्या आसपास अर्थ शोधायला जाऊ नका.

महागड्या गाडीत डेक आणि अँप यांच्यामध्ये फायबर किंवा डिजिटल बस असते. तिथे बाहेरचा डेक बसवला की कंपनीचं सराउंड गेलं. अडॅप्टर आणि कोडिंगशिवाय ते परत येत नाही. विकत घेण्याआधीच विचारा.

फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडाला तर तिसरा घालू नका, आणि मोठ्या अँपिअरचा तर नाहीच. कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे, पुढची पायरी धूर. जळका वास आला तर बॅटरीचा मायनस काढून गाडी तशीच राहू द्या.

पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी घरी उघडायची नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर अशा किती गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या असतील कोण जाणे. जुनी गाडी घेतली असेल आणि सीटखालच्या अँपच्या कपलरमध्ये, कार्पेटच्या खाली गाळाची रेघ सापडली, तर प्रश्न सराउंडचा राहत नाही, अख्ख्या हार्नेसचा होतो. आणि वॉरंटीतल्या गाडीची वायर कापण्याआधी डीलरकडून लेखी विचारून घ्या.

वायरमनकडे जाताना दोन्ही फाइल, स्टीरिओ गाणं आणि ५.१ ची चाचणी, एकाच पेन ड्राइव्हवर न्या. कुठल्या फाइलला, कुठल्या बाजूला, पाऊस असताना की नसताना काय होतं ते कागदावर लिहून द्या. कंपनीचा हार्नेस कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मागवायला सांगा. त्याला दोन दिवस लागले तरी थांबा.